रिकाम्या खोलीचा बिटरेट

हे खरं घडलंय. कुणी म्हणेल, फोटो दाखव. माझ्याकडे फोटो नाही. चित्रात काही आलंच नाही, हीच तर सगळी भानगड आहे.

माझ्याकडे होता तो फक्त एक आकडा.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मागच्या वर्षीची थंडी सरत आली होती. भर दुपार. जागा… माझ्या मामाच्या घराची बाहेरची खोली. दुसरा मजला, एक खिडकी, एक आरामखुर्ची, नकाशे काढायचं एक मोठं टेबल.

माणूस… कुणी नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी व्हिडिओ लहान करते. एक कंपनी घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवते. ते येतात अवाढव्य, आणि मी त्यांना असं आवळते की कुणाच्याही फोनवर न अडखळता चालावेत. माऊसने करायचं काम नाही हे. काळी खिडकी उघडायची, कमांड टाइप करायची, एन्टर मारायचं, आणि खाली पळणाऱ्या आकड्यांकडे बघत बसायचं. ऑफिसातल्या माझ्या खोलीत दिवसभर मी असते आणि मशिनचे पंखे असतात. बोलायला म्हणाल तर पंखेच.

बिटरेट म्हणजे काय, ते आईला जसं सांगितलं होतं तसंच सांगते. चित्र पाठवताना दर सेकंदाला जितकी माहिती खर्च होते, तो बिटरेट. चित्र आवळणारा एन्कोडर हा भलताच चिक्कू प्राणी आहे. समोर भिंत असेल आणि ती हलत नसेल, तर तो म्हणतो, मघाचीच भिंत समजा. दमडी सुटत नाही त्याच्याकडून. पण माणूस उठून चालायला लागला, की त्याला हात सैल सोडावाच लागतो.

म्हणजे आकडा कमी, तर खोलीत काही हलत नाही.

आकडा वाढला… तर काहीतरी हललं.

इतकं लक्षात ठेवा. बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

आता मामा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. शहरातल्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही टेबलाशी बसून काहीबाही रेघा मारत असायचा. मला खारूताई म्हणायचा, कारण लहानपणी मी म्हणे एका जागी बसतच नसे. त्याच्याकडे गेलं की चहा मिळायचा, दोन गप्पा व्हायच्या, आणि संध्याकाळ झाली की तो हळूच म्हणायचा, "निघा आता, उशीर होईल." कधी राहून जा म्हणाला नाही.

त्याला झटका आला तो सकाळी. उजवी बाजू गेली. वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला.

"नको."

दवाखान्यातून आम्ही त्याला आमच्याकडे आणलं. भात पुढे केला, नको. कूस बदलू का, नको. खिडकी उघडू का, नको. डोळे मात्र दाराकडे. आई त्याचा हात धरून बसायची आणि म्हणायची, "दादा, अरे सांग ना, काय हवंय?" मामा तिच्याकडे असा बघायचा की बघवत नसे.

"नको… नको…"

त्याचं घर बंद केलं. पण तिथे एक पंचाईत होती. शहरभरचे पाइप ज्याने कागदावर उतरवले, त्याच्याच खोलीचं छत ठिबकत होतं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मनावर घेत नव्हता. म्हणून मी तिथे एक कॅमेरा लावला. कपाटावर, छत आणि खुर्ची दोन्ही दिसतील असा. त्याला एक छोटं मशीन आणि सिमकार्डाचं डोंगल जोडलं. गळती वाढली की कळावं, एवढंच.

सिमकार्डाची लाइन अगदी बारीक. म्हणून मी कमांड अशी लिहिली, की चित्राचा दर्जा तोच ठेवायचा आणि माहिती लागेल तेवढीच खर्चायची. खोली स्वस्थ असली की आकडा खाली, काही हललं की वर. दर सेकंदाचा आकडा ऑफिसात माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. वर चित्र, खाली आकडा.

लावून झाल्यावर मी खोलीत फिरून पाहिलं. आकडा सातशेपर्यंत गेला. बाहेर पडले, जिन्यात उभी राहून फोनवर बघितलं.

चाळीस किलोबिट. रिकाम्या खोलीचा आकडा चाळीस.

पहिले काही दिवस चाळीसच.

मग एका दुपारी मी गणिताच्या धड्याशी झटापट करत होते. सहज कोपऱ्यात नजर गेली.

तीनशे दहा.

चित्र बघितलं. खुर्ची. टेबल. भिंतीवरचं घड्याळ. छत कोरडं.

तीनशे चाळीस… दोनशे नव्वद… शंभर… चाळीस.

मला भीती वाटली असं नाही. हे माझं रोजचं काम आहे. उजेड बदलला तरी आकडा वाढतो. अंधारात कॅमेरा बारीक बारीक दाणे दाखवतो, एन्कोडरला वाटतं काहीतरी हलतंय, आणि तो त्या दाण्यांवर माहिती उधळतो. पडदा हलला तरी वाढतो. मी दाणे पुसणारा फिल्टर लावला. मग खाली दुकानात फोन केला.

मामाच्या घराखाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे. किल्लीवाले काका म्हणतो आम्ही त्यांना. मामाच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते.

"काका, वर जाऊन पडदा काढून ठेवता का? आणि खिडकी नीट लावा."

"जातो की, ताई. तुमचा कॅमेरा माझं तोंड बघणार ना? थांबा, केस विंचरतो. दोनच आहेत, वेळ लागणार नाही."

ते आत आलेले मला दिसले. आकडा सहाशेवर. पडदा काढला, खिडकी ओढून कडी लावली. मी म्हटलं, "जरा खुर्चीत बसा, हलू नका." ते बसले. फोटोला बसल्यासारखे ताठ. आकडा खाली आला. साठ… पन्नास…

"झालं का, ताई?"

"झालं. या आता."

ते उठले, दाराबाहेर गेले, दार लागलं. मी आकडा चाळीसवर यायची वाट बघत होते.

तो आलाच नाही.

दोनशे वीस… दोनशे साठ…

काका जिन्यातून बोलत होते. "ताई, किल्ली ठेवतो जागेवर हं."

तीनशे.

खोलीत काही नव्हतं. पडदाही नव्हता आता. आकडा मात्र हळूहळू चालत होता… हो, चालतच होता. थोडा वर, थोडा खाली. पावलांसारखा.

मग चाळीस.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. कामाच्या आड ती खिडकी येऊ नये म्हणून बाकीच्या खिडक्या मी सरकवून ठेवायचे. हळूहळू कळायला लागलं, की आकडा वाटेल तेव्हा वाढत नाही. सकाळी थोडा. जेवणाच्या सुमाराला बराच. दुपारी एक मोठी शांतता. उन्हं उतरली की पुन्हा.

हा मामाचा दिवस होता. सकाळी खिडकी, मग टेबल, दुपारी खुर्चीत डुलकी, संध्याकाळी येरझारा. आईला सांगितलं तर ती मटकन खालीच बसली.

"त्याचा जीव तिथेच राहिलाय गं. शरीर तेवढं उचलून आणलं आपण."

"आई, मामा आत झोपलाय. जिवंत आहे तो."

"म्हणूनच म्हणते. नको नको करतो, ते काय उगाच? त्याला इथे नको आहे. घरी नेऊ या आपण त्याला."

मला ते पटत नव्हतं. कारण तोवर आणखी एक गोष्ट झाली होती.

आकडा वाढला की ती बारीक लाइन तुटायची. चित्र थिजायचं. म्हणून मी कमांडमध्ये कमाल मर्यादा घातली होती. काहीही होवो, दीडशेच्या वर जायचं नाही. आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे ही. पण मर्यादा घातली की एक होतं. खोलीत खूप हालचाल झाली आणि माहिती पुरली नाही, की चित्र फुटतं. जिथे हालचाल असते तिथे चौकोनी तुकडे पडतात. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसे.

मर्यादा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा दीडशेला जाऊन टेकला.

आणि चित्र फुटलं.

सगळं नाही. दाराजवळ. स्वयंपाकघराच्या दाराजवळ जमिनीपासून वर एक उभा पट्टा, तुकडे तुकडे झालेला. तो सरकला. टेबलापुढून आला. त्याच्यामागे येणारी टेबलाची कड विसकटली आणि तो पुढे गेल्यावर पुन्हा सरळ झाली.

मी खुर्चीकडे बघत होते. मामाची खुर्ची. आता तिथे बसणार…

नाही बसला.

खुर्ची शेवटपर्यंत स्वच्छ होती. तिच्या हाताची सोललेली कातडीसुद्धा दिसत होती. तुकडे पडले ते खुर्चीशेजारी. खाली, जमिनीवर. बसलेल्या माणसाच्या गुडघ्याशी कुणी टेकून बसावं, तेवढ्या उंचीवर.

मग हालचाल थांबली. आकडा उतरला. जमीन पुन्हा जमीन झाली.

मामा कधीही जमिनीवर बसत नसे. त्याचे गुडघे केव्हाच गेले होते.

मग हा मामा नव्हता.

मी आईला हेही सांगितलं. ती पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव. तो माझा भाऊ आहे. मला दिसतंय त्याला काय हवंय ते."

दिसत मलाही होतं. मामा खंगत चालला होता. डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण त्याने मनाला लावून घेतलंय. त्यापुढे मी काय बोलणार?

आम्ही त्याला त्याच्या घरी नेलं.

भाड्याची चाकांची खुर्ची, गाडीवाला, मी, आई आणि किल्लीवाले काका. दोन मजले वर चढवताना काकांना घाम फुटला. "साहेब, नकाशात लिफ्ट काढायची राहिली बघा," ते म्हणाले. मामाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. वाटभर त्याचं चाललं होतं, नको… नको…

दार उघडलं.

मामा गप्प झाला.

त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं. तो टेबलाकडे बघेल असं मला वाटलं. खिडकीकडे बघेल. त्याने खाली बघितलं. खुर्चीच्या डाव्या बाजूला, जमिनीकडे. त्याचा डावा हात चालायचा, तो त्याने हळूहळू बाजूला नेला. खुर्चीच्या हातावरून खाली सोडला. आणि तिथे, गुडघ्याच्या उंचीवर, हवेत… थोपटल्यासारखं केलं.

"आलो," मामा म्हणाला.

आईने हंबरडाच फोडला. आनंदाचा. "बोलला! अगं, बोलला तो! मी म्हणत नव्हते?"

माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. हात हवेत थांबला होता. अर्धांगाचा माणूस, थकलेला, मुळात हात उचलणं जड. पण तो हात खाली पडत नव्हता. कशावर तरी टेकला असावा तसा… आरामात होता.

आई तिथेच राहायला गेली. मी दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी घरी. आमचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी एकटीपुरता भात लावायचे आणि फोन समोर ठेवून जेवायचे. फोनवर मामा खुर्चीत. आई येता-जाता दिसायची. खाली आकडा.

काही दिवसांनी आईने फोन केला. आवाज दबका.

"अगं… तो बोलतो."

"मामा? काय बोलतो?"

"माझ्याशी नाही. मी संध्याकाळी भांडी घासत होते. नळाच्या आवाजात मला वाटलं रेडिओ लागलाय कुठे. मग कळलं, दादाचा आवाज आहे. चांगलं स्वच्छ बोलत होता गं, आधीसारखं. समजूत घालत होता कुणाचीतरी."

"काय म्हणत होता?"

आईने आवाज आणखी खाली आणला.

"म्हणत होता… 'गेलो नव्हतो गं. नेलं होतं मला.'"

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"मग मी नळ बंद केला," आई म्हणाली. "तर गप्प. बाहेर जाऊन विचारलं, दादा, कुणाशी बोलतोस? तर माझ्याकडे बघून म्हणाला, नको."

"आई, मी येते तिकडे."

"नको येऊस. तो सुखात आहे. पोटभर जेवतोय. फक्त…"

"काय?"

"मी खोलीत गेले ना, की दोघांच्या मध्ये आल्यासारखं वाटतं बघ."

त्यानंतरचा आठवडा मी स्क्रीनसमोरच काढला म्हटलं तरी चालेल. दुपारी मामा झोपला की एक गंमत दिसायची. म्हणजे तेव्हा गंमत वाटायची. त्याच्या अंगावरचं पांघरूण श्वासाबरोबर वर-खाली व्हायचं आणि आकडा त्याच्याबरोबर हलायचा. साठ… चाळीस… साठ… चाळीस… शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून मी मामाचा श्वास वाचत होते. धड्यांचं काम एकीकडे चालू असायचं, नजर तिथे. जगात तेवढी एकच सोबत होती मला, असं वाटायचं.

त्या दुपारीही तेच.

साठ… चाळीस… साठ… चाळीस…

चाळीस.

चाळीस.

मी चित्र बघितलं. मामा खुर्चीत. डोळे मिटलेले. डावा हात खुर्चीच्या बाहेर, हवेत.

चाळीस.

मी आईला फोन लावला. ती स्वयंपाकघरात होती. "आई, मामाकडे जा."

"का गं? आत्ताच तर…"

"आई, जा."

तिला खोलीत यायला असा कितीसा वेळ लागणार? पण तेवढ्यात आकडा दीडशेला भिडला. मर्यादा होती म्हणून दीडशे. नसती तर कुठे गेला असता, सांगता येत नाही. आणि चित्र फुटलं. या वेळी एक पट्टा नव्हता. सगळी खोली फुटली. भिंती, घड्याळ, टेबल, सगळ्याचे तुकडे होऊन ढवळले गेले. कुणीतरी खोलीभर धावत सुटल्यासारखं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत… पुन्हा इकडे… पुन्हा तिकडे…

त्या सगळ्यात फक्त खुर्ची आणि मामा स्वच्छ दिसत होते.

मग आई दारात आली. आणि सगळं थांबलं.

मामाचा हात खाली लोंबत होता.

सगळं रीतसर पार पडलं. आई घरी आली. बाहेरच्या खोलीतले नकाशे गुंडाळून कपाटात ठेवले, घराला कुलूप लावलं. कॅमेरा मी ठेवला. गळतीसाठी, असं म्हटलं.

मला वाटलं होतं, आता दोघं दिसतील.

चाळीस.

सकाळी चाळीस. जेवणाच्या सुमाराला चाळीस. संध्याकाळी चाळीस. आठवडा गेला, महिना गेला. एवढासुद्धा वाढला नाही. खोली खरोखरच रिकामी झाली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कामातून मान वर केली, की त्या कोपऱ्यात तोच आकडा. आपण दार वाजवतोय आणि घरात कुणी नाही, तसं.

शेवटी ठरवलं, कॅमेरा काढून आणायचा.

मी सुरुवातीला सांगितलेली दुपार ती हीच.

किल्लीवाले काका दुकानात कानशीने किल्ली घासत होते. म्हणाले, "मी येऊ का वर?"

"नको काका, पाच मिनिटांचं काम आहे."

दाराचं कुलूप उघडलं. आत बंद घराचा वास. ऊन सरळ खुर्चीवर आलं होतं. मी खांद्यावरची पिशवी खुर्चीत ठेवली आणि कॅमेरा बंद करायच्या आधी, सवयीने, फोनवर चित्र उघडलं.

खोली दिसली. खुर्ची, टेबल, घड्याळ.

मी दिसले नाही.

लाइन बारीक आहे, चित्र काही सेकंद मागे असतं. मी थांबले.

चाळीस.

मी कॅमेऱ्यासमोर हात हलवला. दोन्ही हात हलवले. खोलीत या टोकापासून त्या टोकाला गेले, परत आले.

चाळीस.

चित्र थिजलं असेल, मी म्हटलं. म्हणून फोनमधल्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीच वेळ, थोडी पुढे.

चित्र चालू होतं.

फोनमधल्या खुर्चीवर ऊन होतं. पिशवी नव्हती.

मी खुर्चीवर हात ठेवून बघितला. पिशवी होती. माझ्या हाताला लागत होती. हात मला दिसत होता. फक्त त्या चित्रात… मी कुठेच नव्हते. त्या खोलीच्या लेखी मी आलेच नव्हते.

आणि मग आकडा हलला.

साठ.

मी जागची हलले नव्हते.

नव्वद… एकशे वीस…

स्वयंपाकघराच्या दाराजवळ चित्र फुटलं. एक उभा पट्टा. त्याच्या शेजारी… दुसरा. एक ठेंगणा, एक उंच. मी मान वर करून दाराकडे बघितलं. दार उघडं, उन्हाचा तुकडा, बाकी काही नाही. खाली फोनमध्ये बघितलं. दोघं टेबलापुढून येत होते. सावकाश. उंच तुकडा एका बाजूला किंचित लंगडत होता.

ते खुर्चीकडे येत होते.

खुर्चीला हात लावून मी उभी होते.

मी कशी बाहेर पडले, मला सांगता येणार नाही. जिना आठवत नाही. आठवतो तो मागचा आवाज. दार आपटलं नाही. कुणीतरी नीट, हलक्या हाताने लावून घेतलं. आणि मग… कडी सरकवल्याचा आवाज.

काकांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. माझ्या हातातला फोन सांगत होता, जोडणी तुटली.

"पिशवी वर राहिली," एवढंच मला बोलता आलं.

"आणतो मी. बसा तुम्ही."

ते त्यांची किल्ली घेऊन वर गेले. थोड्या वेळाने मीही मागे गेले, त्यांना एकट्याला सोडवेना. ते दारापुढे उभे होते. किल्ली कुलपात फिरत होती, सहज, तेल घातल्यासारखी. दार उघडत नव्हतं.

"ताई, आतून कडी आहे."

त्यांनी दार पुन्हा ढकलून बघितलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही, काका."

आयुष्यभर लोकांची अडकलेली दारं उघडून देणारा माणूस तो. त्यांच्याकडे पटाशी होती, हातोडी होती. पाच मिनिटांचं काम होतं. त्यांनी तळवा दारावर ठेवला. कान देऊन थोडा वेळ उभे राहिले. काय ऐकलं, ते मला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

मग किल्ली काढून खिशात टाकली.

"राहू दे," ते म्हणाले. "चला, ताई. राहू दे त्यांना."

ते दार आम्ही तोडलं नाही. पिशवी आतच आहे. आईला मी सगळं सांगितलं. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती.

मामा नोकरीला होता तेव्हापासून दर खेपेला ती त्याला विचारायची, "दादा, एकटा कंटाळत नाहीस का रे?"

आणि तो हसून म्हणायचा, "एकटा कधी असतो मी?"

"मला वाटायचं, नकाशांबद्दल बोलतोय," आई म्हणाली.